तिसरा भारा

दूध गाळताना फडक्यावर केस दिसले तेव्हा दीक्षाला वाटलं, आपलेच असतील. बाळंतपणापासून तिचेही गळतच होते. पण हे आखूड होते, राठ, काळेकुळकुळीत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती गोठ्यात गेली, शेळीच्या पाठीवरून नुसता हात फिरवला आणि मूठभर केस तिच्या हातात आले. उपटावे लागले नाहीत, ओढावेही लागले नाहीत. शेळी जागची हलली नाही की ओरडली नाही, पुढ्यातला हिरवा पाला खात राहिली.

आरोही चौदा महिन्यांची होती आणि सकाळ-संध्याकाळ ह्याच शेळीचं दूध पीत होती.

"खरूज असंल," सासू म्हणाली. जनकाबाईंनी उभ्या जन्मात शेळ्याच पाळल्या होत्या. "करंजाचं तेल लावते, जाईल."

"खरूज असती तर अंग घासलं असतं तिनं, आत्याबाई. ही खाजवत पण नाही."

"मंग ऊन बाधलं असंल."

"जानेवारीत?"

"तू लई इचार करतीस बघ. इचारानंच बाईचं दूध आटतं."

हे बोलणं दीक्षाच्या वर्मी लागलं. तिचं दूध चौथ्या महिन्यात आटलं होतं आणि ते घरात कुणी विसरलं नव्हतं. नवरा, प्रज्ञेश, हिंगोलीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. फोनवर तो म्हणाला, "आईला कळतं शेळ्यातलं, तू टेन्शन घेऊ नको." तिनं फोन ठेवला आणि शेजारी नीलाबाईच्या गोठ्यात डोकावली. तिथल्या शेळीच्या मानेवर तळहाताएवढी जागा बोडकी झाली होती. पलीकडं बेबीबाईच्या दोन्ही शेळ्यांच्या शेपट्या उंदरासारख्या दिसत होत्या. खरूज असती तर खाजली असती. साथ असती तर ताप आला असता. तिन्ही घरांत एक गोष्ट मात्र सारखी होती: गव्हाणीतला पाला.

तो पाला गायरानावरचा. मागच्या पावसाळ्यापर्यंत त्या गायरानावर ह्याच शेळ्या चरायच्या. मग गावात कंपनी आली. रस्त्याच्या कडेला गॅसची टाकी बांधायची, टाकीत शेण आणि हिरवा पाला घालायचा, त्यातून गॅस काढायचा, असा बेत. पाल्यासाठी पंचायतीनं वीस एकर गायरान दिलं. भोवती काटेरी तार आली, ठिबकच्या नळ्या आल्या, आणि फाटकावर हिरवी पाटी: 'दशरथ घास. बहुवार्षिक शेंगवर्गीय चारा.' बौद्धवाड्यातल्या बायकांची बैठक घेतली ती प्रमोदनं. प्रमोद म्हणजे प्रज्ञेशचा चुलतभाऊ, दीक्षाचा दीर, कंपनीनं नेमलेला सुपरवायझर.

"एकदा लावलं की पाच-सहा वर्षं बघायचं काम न्हाई," तो म्हणाला होता. "चाळीस दिवसाला कापा, परत फुटतंय. शेंगवर्गातलं हाय, म्हंजे ढेपीसारखा खुराक. तुमच्या शेळ्या बांधून ठेवा, दारात चारा येतो. दोन भारे टाकीला, तिसरा कापणारणीला. रोख मजुरी न्हाई, पण चारा केवढ्याला पडतो ते तुमीच सांगा."

ज्या रानात शेळ्या फुकट चरत होत्या, त्याच रानातला पाला मजुरी म्हणून घ्यायचा, हे दीक्षाला तेव्हाच खटकलं होतं. पण अकरा बायका हो म्हणाल्या. ती बारावी नव्हती, अकरांतलीच एक होती. आरोहीला लिंबाखाली झोळीत टाकून तीही इळा चालवायची.

पुढच्या बुधवारी जनकाबाई बोकड घेऊन जवळा बाजारला निघाल्या. दीक्षाही लेकीला कडेवर घेऊन सोबत गेली. जनावरांच्या बाजारात मकबूलभाई त्यांचे कायमचे गिऱ्हाईक. बोकडाचे दात बघायच्या आधी ते पाठीवरून हात फिरवायचे. तसा त्यांनी फिरवला, मग तळहात डोळ्यांजवळ नेला आणि केस फुंकून टाकले.

"मावशी, ह्याला काय खिलवून राहिल्या तुमी?"

"चाराच की. दशरथ घास."

"दशरथ कोन बोल्या?"

"कंपनी बोलली. पाटी हाय तशी."

"पाटी आपने जगे पे." मकबूलभाईंनी बोकडाची दोरी जनकाबाईंच्या हातात परत दिली. "असं जनावर मी एक बार देखलेला हाय, परभणीकडं. निस्ती सुबाबळ खिलवत होते, बाकी काहीच न्हाई. पूरा कळप बोडका. दो महिने कडब्यावर ठेवा, मंग आना. आज मला नको."

परत येताना टमटममध्ये जनकाबाईंनी बोकडाची पाठ पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली. उतरल्यावर म्हणाल्या, "भाव पाडायचा होता मेल्याला."

"भाव पाडायचा असता तर भाव बोलले असते ना, आत्याबाई. त्यांनी भाव केलाच नाही."

दीक्षा बीएस्सी झाली होती, वनस्पतीशास्त्र घेऊन. गायरानावर जाऊन तिनं डहाळी तोडली, उलटसुलट पाहिली. अवघड होतं. दशरथ आणि सुबाभूळ, दोन्हींची पानं चिंचेसारखी बारीक, दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही कापली की फुटणारी. दशरथ जनावराला निर्धोक. सुबाभळीत मात्र एक विषारी द्रव्य असतं. चाऱ्यात पाव ते एक-तृतीयांश हिस्सा असली तर पचते, नुसती तीच घातली तर केस जातात, गळ्याला सूज येते, गाभ राहत नाही. हे तिला पुस्तकातलं आठवलं, आणि सरांचं प्रॅक्टिकलमधलं दटावणंही: फूल-शेंग पाहिल्याशिवाय नाव सांगायचं नाही. आणि इथं तर दर चाळीस दिवसांनी अकरा इळे झाडाला गुडघ्यावर कापत होते. फूल येणार कधी? वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी सुबाभळीची झाडं जन्मभर पाहिली होती, पण झाडं म्हणून. उंच, शेंगांनी लटकलेली. गुडघ्याएवढं, सदा कोवळं, रांगेत लावलेलं हे रोप त्यांना ओळखू येत नव्हतं, ते त्यांच्याच हातानं. कापून कापून त्यांनीच त्याची ओळख पुसली होती.

त्या कापणीला तिनं कोपऱ्यातल्या विहिरीजवळची चार खोडं तशीच सोडली.

प्रमोदच्या ते लगेच लक्षात आलं. "वहिनी, तेवढं कापायचं राहिलं."

"राहू द्या, भाऊजी. फुलावर येऊ द्यायचंय."

"काहून?"

"कोणतं झाड आहे ते बघायचंय."

तो हसला. "पाटी वाचता येती ना तुमाला? बीएस्सी झालेल्या बायला मी वाचून दाखवू?"

बायका हसल्या. बेबीबाई म्हणाली, "तिला गुगलवर दिसलं असंल काहीतरी." तिसरा भारा दीक्षानं त्या दिवशी उचलला नाही, आणि घरी जाऊन आरोहीचं शेळीचं दूध बंद केलं.

जवळ्याच्या जनावरांच्या सरकारी डॉक्टरला तिनं फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं, म्हणाला, सुबाभूळ असेल तर असं होतं, पाला बंद करा, कडबा घाला, केस परत येतील. दुधाचं काय, तिनं विचारलं. "दुधातून किती उतरतं ते मी छातीठोक सांगू शकत नाही, ताई. लहान बाळ आहे ना? मग पाला बंद केल्यावर थोडे दिवस जाऊ द्या." ह्या उत्तरानं तिची झोप उडाली. नाही म्हणाला असता तर बरं, हो म्हणाला असता तरी बरं. ती रोज उजेडात लेकीचा गळा चाचपायची, टाळूवरचं जावळ बोटांत धरून बघायची. तीन-चार केस आले की पुन्हा पुन्हा मोजायची, मग आठवायचं की लेकरांचं जावळ जातंच.

किराण्यातलं पिशवीचं दूध आरोहीला चालेना. भांडं ढकलायची, रडून रडून काळीनिळी पडायची. मग आठवड्याभरानं अचानक शांत झाली. पोट भरल्यासारखी झोपू लागली. दीक्षाला आधी हायसं वाटलं. ऊन वाढलं तशी ती आता लेकीला सासूपाशी ठेवून जायची. एका दुपारी कापणीवरून आल्यावर तिनं लेकीला उचललं, आणि लेकीच्या वरच्या ओठावर साय वाळलेली. वास ओळखू येत होता.

"आत्याबाई, हिला काय पाजलं?"

जनकाबाई निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुपातून नजर काढली नाही. "दूध."

"कुणाचं?"

"माझ्या शेळीचं. आठ दिस झाले. मरून राहिलं व्हतं लेकरू भुकेनं, मी बघत बसू? तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव. तुझा नवरा ह्याच दुधावर वाढला."

"तेव्हाची शेळी रानात चरत होती. आता एकच पाला खाते, चार महिने. केस गळतायत तिचे, दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतंय. मला आंधळी समजू नको." जनकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "पर पाला बंद करून घालू काय? रानाला तार हाय. कडबा इकत आणायचा तर कशानं? मजुरी पाल्यात हाय. सांग ना, शिकलेली हायस तर सांग."

दीक्षाला संताप आला. सासूचा नव्हे. ज्यानं हा हिशेब असा बांधला होता की विष नको म्हटलं तर उपास, त्याचा. ती आरोहीला घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि लेकीचा ओठ पदरानं पुसत राहिली.

मार्च लागता लागता विहिरीजवळच्या चार खोडांवर फूल आलं. पांढरं, गोल, गोटीएवढं, गोंड्यासारखं. दशरथाचंही फूल पांढरंच, पण बारीक, बोटभर देठावर चार तंतू. तरी तिनं धीर धरला. पाणी भरपूर होतं, दोन कापण्या गेल्या, आणि शेंगा लोंबू लागल्या: झुबक्यांनी, वीतभर लांब, बोटाएवढ्या रुंद, चपट्या. दशरथाची शेंग काडीसारखी असते.

कापणीच्या दिवशी सकाळी तिनं सगळ्या बायकांना विहिरीजवळ नेलं. कुणाला काही सांगितलं नाही. नीलाबाईनं एक शेंग तोडली, उन्हात धरली, आतलं बी मोजल्यासारखं केलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"ही तर सुबाबळ."

"सुबाबळच," बेबीबाई म्हणाली. "आमच्या माहेरी शेताच्या धुऱ्यावर, बांधाला व्हती." आणि मग, दीक्षाकडं न बघता, "मी गुगल मनले व्हते."

प्रमोद मोटरसायकल लावून आला. शेंग बघून त्यानं खांदे उडवले. "आता हे बघा. बियाणं कंपनीनं पाठवलं, पाटी कंपनीनं पाठवली. मला काय ठावं? माझं शिक्षण बारावी. अन् टाकीला काय, दोन्ही सारखंच. गॅस बराबर निघतोय."

"टाकीला केस न्हाईत, बाबा," बेबीबाई म्हणाली.

"मंग थोडं थोडं घाला. कडबा मिसळा. मी वर कळवतो."

"कडबा कुठून आणायचा, भाऊजी?" दीक्षा म्हणाली. "मजुरी पाल्यात आहे."

"वहिनी, तुमाला भांडायचंच हाय. तुमच्या लेकराला झालं का काई? खेळून राहिली की पोरगी. मंग?"

दीक्षानं हातातला इळा खाली ठेवला. "माझी लेक काय तुमच्या पाल्याची परीक्षा घ्यायला ठेवलीय? तिला काही होईपर्यंत थांबायचं होतं, आणि झालं असतं तर म्हणाला असतात, कंपनीला कळवतो."

पण बायका प्रमोदच्या बाजूला वळत होत्या, हे तिला दिसत होतं. आपल्याच वाड्यातलं पोरगं, फसवलं त्यालाही असेल, नोकरी आहे बिचाऱ्याची. नीलाबाईनं तसं बोलूनही दाखवलं. खरं म्हणजे दीक्षालाही तसंच वाटू लागलं होतं, आणि त्यामुळं चिडायलाही जागा उरत नव्हती. समोर माणूसच नव्हता; कुठल्या तरी शहरातली, दार नसलेली कंपनी होती.

कापणी झाली. टाकीचे भारे ट्रॉलीत पडले, प्रमोद ट्रॉलीबरोबर गेला. उरलेले अकरा भारे डोक्यावर घेऊन बायका वाड्याकडं निघाल्या; दीक्षाच्या कडेवर आरोही होती, तिचा भारा न्यायला जनकाबाई आल्या होत्या. टाकून द्यायला हात होत नव्हता आणि शेळीला घालायला मन. नीलाबाई म्हणाली, "माझा भारा प्रमोदच्या म्हशीला टाकते. म्हैस मोठं जनावर, तिला एका भाऱ्यानं काय व्हतंय? वाया तरी जाणार न्हाई." त्यात टोमणा नव्हता. ती तशीच बाई होती.

प्रमोदची बायको वैष्णवी अंगणात गोवऱ्या थापत होती. वर्षाभराची नवी सून, माणसांना अजून बुजायची. भारा खाली पडताना पाहून ती हात तसेच शेणाचे ठेवून उठली.

"नको वो काकू. आमच्यात हे टाकत न्हाईत."

"काहून गं?"

"म्हैस गाभण हाय ना. ह्यांनी पहिल्या कापणीलाच सांगितलं, ह्यो पाला दारात आणू नको, केस जातात, गाभ टाकती म्हैस." तिनं शेणाच्या हातानंच भारा पायरीपासून लांब सारला. "तुमाला न्हाई सांगितलं?"

बायका जागच्या जागी उभ्या. डोक्यावरचे भारे उतरवायचंही कुणाला सुचलं नाही. वैष्णवी एकेकीच्या तोंडाकडं बघत गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं घरात जाऊन दार लावून घेतलं.

पहिल्या कापणीला. म्हणजे नोव्हेंबरात. दीक्षानं मनातल्या मनात महिने मोजायला घेतले आणि सोडून दिले.

बोलल्या त्या जनकाबाई. त्या सगळ्यांत मागं होत्या. त्यांनी भारा दोन्ही हातांनी वर उचलला आणि प्रमोदच्या उंबऱ्यावर आपटला.

"म्हनून माझ्या घरी येऊन कोरा चहा मागतू व्हय रे तू," त्या बंद दाराला म्हणाल्या. "मला वाटलं, पोराला पित्त हाय. मी गवती चहा घालून देत व्हते. काकी, दूध नको. काकी, दूध नको. अन् तेच दूध मी आठ दिस चोरून माझ्या नातीला पाजलं, सुनंशी भांडून." त्या खाली बसल्या, डोक्याला हात लावून.

एकीमागून एक भारे उंबऱ्यावर पडले. दार अर्धं झाकलं गेलं. म्हैस हिरव्याच्या वासानं दाव्याला ओढ देऊ लागली, तेव्हा दीक्षाच गेली आणि तिचं दावं आखडून बांधलं. जनावराचा काय दोष.

संध्याकाळी प्रमोद ओट्यापाशी आला. आत आला नाही. "वहिनी, सांगितलं असतं तर नोकरी गेली असती," तो म्हणाला. "दशरथाचं बी महाग पडतंय, साहेबानं मला सांगितलं व्हतं. शेळ्या मरत न्हाईत, मनला. निस्ते केस जातात."

दीक्षानं आरोहीला कडेवरून आत, सासूच्या मांडीवर नेऊन दिलं. मग परत आली. "तुमच्या म्हशीला सांभाळलंत तेवढं आम्हाला सांभाळायचं होतं, भाऊजी. जास्त नाही. म्हशीएवढं."

तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कापणीचा दुसरा पट्टा होता. ट्रॉली सातला येऊन उभी राहिली. बायकाही सातलाच आल्या, पण इळे आणले नव्हते. शेळ्या आणल्या होत्या, तीस-बत्तीस, अर्ध्या बोडक्या. गायरानाच्या वरच्या अंगाला सहा-सात एकर खडकाळ माळ लावणीशिवायच तारेत अडकून पडला होता. तिथं बेबीबाई आणि नीलाबाईनं पक्कड घेऊन तारेचे तीन पदर खांबापासून सोडवले, नीट गुंडाळून बाजूला ठेवले आणि शेळ्या आत घातल्या. महिनोन्महिने बांधलेली जनावरं आधी बावचळली. मग वाळल्या पवन्या गवताच्या ठोंबांना तोंड लावू लागली.

दीक्षा माळ आणि सुबाभळीच्या रांगा ह्यांच्यामधे काठी घेऊन उभी राहिली. हिरव्याची चटक लागलेल्या शेळ्या राहून राहून तिकडंच वळत होत्या.

नऊच्या सुमाराला प्रमोद फोन पुढं धरून आला. त्यानं डोळे वर केले नाहीत. "साहेब बोलतात."

फोनवरचा आवाज मऊ होता. "मॅडम, तुमची तक्रार लेखी द्या, आम्ही चौकशी करू. पण आज कापणी थांबवू नका. टाकीला रोज खाद्य लागतं. दोन दिवस नाही पडलं तर गॅस उतरतो, टाकी थंड पडते."

"शेळ्यांना पण रोज लागतं," दीक्षा म्हणाली. "पाटी उतरवा. खरं नाव लिहा. माळ शेळ्यांना चरायला मोकळा ठेवा आणि मजुरी कडब्यात द्या. मग कापू."

"हे लगेच कसं शक्य आहे? टाकी थंड पडेल, मॅडम, मी सांगतोय ना."

"पडू द्या."

तिनं फोन प्रमोदच्या हातात दिला, कारण घरची शेळी तिला चुकवून पहिल्या रांगेपाशी पोचली होती, आणि ती ढेकूळ उचलून तिच्यामागं धावली.